कन्सोलवर बंदी आली, तक्रार कोणाच्या नावानं?

अनधिकृत विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळालेला गेमचा कोड अनेकदा चोरीच्या कार्डावर घेतलेला असतो. कार्डाचा खरा मालक हरकत घेतो, बँक पैसे परत काढून घेते आणि कंपनी कोड वापरणाऱ्याचं खातं बंद करते. कधी कन्सोलच ऑनलाइन सेवेतून बाद करते. फसवणूक रोखायला कोड रद्द व्हायलाच हवा. पण रीतसर बिलावर घेतलेलं यंत्र अर्धं निकामी करणं ही चुकीपेक्षा मोठी शिक्षा झाली. (डिस्कवरचे गेम बहुधा चालतात, कन्सोलला डिस्कची खाचच नसेल तर तोही दिलासा नाही.)

खातं अल्पवयीन मुलाचं असेल, तर अटी त्यानंच मान्य केल्या होत्या, असं कंपनी म्हणेल. पण 1872च्या करार कायद्याखाली अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं 1903 मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवलं. मग करारच नाही तर सेवेचा हक्क कुठून, हा कंपनीचा उलटा सवाल अडचणीचा आहे. म्हणून तक्रार यंत्राचे पैसे भरणाऱ्या पालकानं, बिलासह करावी. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या उमापूर गावच्या पालकांना बीडचा जिल्हा आयोग चालतो आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र ही दाद सेवेतल्या त्रुटीपुरती. प्रमाणाबाहेर दंड लादणारी अटच ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्द करून हवी असेल, तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. खेड्यातल्या पालकाला हे अंतर जड जातं.