१९११ चा रुपया घेताना आधी हत्ती पाहा

आमच्या ओळखीचे एक भंगारवाले भाई मध्यंतरी पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया घेऊन आले. चांगली रक्कम मोजून घेतलेला. आम्ही साल नंतर पाहिले, आधी हत्ती पाहिला. सौदा फसलेला होता.

या रुपयाची हकीकत आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. १९११ च्या ठशात राजाच्या पोशाखावरील छोट्या हत्तीची सोंड व शेपूट इतकी आखूड होती, की तो डुक्कर वाटे. मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारने बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून ठसा सुधारला. लोकांच्या हाती सुमारे ७ लाखच नाणी गेली होती, म्हणून त्यांना आज भाव आहे.

भाव आला की लबाडी आलीच. १९१७ चा साधा रुपया घेऊन शेवटचा ७ तासून त्याचा १ करतात. पण हत्ती बदलता येत नाही! सोंड लांब व स्पष्ट दिसली की साल काहीही असो, नाणे १९११ चे नाही. सराफी भिंगातून शेवटच्या आकड्याभोवतीची जागाही पाहावी. ती खरवडलेली किंवा वेगळी चमकणारी दिसते.

साच्यात ओतलेली पूर्ण नकलीही नाणी फिरतात. कडेवरच्या दात्यांमधून जोडाची रेघ जाते काय, ते पाहावे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजेने थोडे कमी भरेल. वजन जुळले तरी दोऱ्याला बांधून पाण्यात तोलावे. अस्सल रुपयात ९१.६६ टक्के चांदी असल्याने तो पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅम हलका भरतो. हलक्या धातूचा असेल तर घट जास्त येते. आपल्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरांना ही युक्ती नवी नाही.

पावतीवर 'खोटे निघाल्यास परत' एवढे लिहून घ्यावे. ऐब लपवलेला माल परत करण्याचा हक्क शरीअतने खरीददाराला दिलेलाच आहे, पण कागद नसेल तर विकणाऱ्याला शोधायचे कोठे?

भाईंकडे पावती नव्हती. नाणे तसेच पुढे खपवावे, असे त्यांच्या मनात आले होते. आमच्यासमोर ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी साल तासलेले आहे असे सांगून त्यांनी ते सराफाला चांदीच्या भावाने दिले.