होळकरांची वंशावळ

खजराण्याच्या गणपतिमंदिरात अहिल्याबाईंचे नाव निघाले, की आमचे विद्यार्थी तुकोजीरावांस त्यांचे पुत्र ठरवून मोकळे होतात. दोष मुलांचा नव्हे. वंशावळीचे तक्तेच रक्त आणि वारसा एकाच रेघेने दाखवितात. नीरातीरीच्या होळ गावावरून आडनाव लाभलेले मल्हारराव माळव्यात स्थिरावले. पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले, नातू मालेराव १७६७ साली निवर्तले आणि ती पुत्रपरंपरा तेथेच खुंटली. तुकोजी आडनावाने होळकर खरे. पण मल्हाररावांचे वंशज नव्हेत. १८४४ साली गादीवर आलेले दुसरे तुकोजीराव तर दत्तक. अहिल्याबाईंची कन्या मुक्ताबाई मात्र आम्ही पाहिलेल्या तक्त्यांत क्वचितच आढळते! आम्ही आता फळ्यावर रक्तसंबंधास अखंड आणि वारशास तुटक रेघ ओढतो.