जंत हलतो कसा, थांबतो कसा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी एका धनगरवाड्यावर ऐन पावसाळ्यात गेलो होतो. मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज, पापण्या आतून पांढऱ्याफटक. आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जंताचं औषध पाजलंय, तरी मेंढरं मरतात कशानं?" दौंडकडे भीमाकाठीही हाच प्रश्न मी ऐकला आहे. उत्तर जंताच्या हालचालीत दडलेलं आहे.

हा जंत हिमाँकस. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर, ५०० जंत म्हणजे रोज २५ मिलिलिटर! अन्नाच्या लोंढ्यात टिकून राहायचं तर त्याला वळवळावंच लागतं.

त्याच्या अंगात हाडं नाहीत, स्नायूंचे पट्टे आहेत. चेतातंतूतून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायूवरची सूक्ष्म दारं उघडतात. सोडियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत शिरतात, स्नायू आखडतो. त्याच वेळी समोरच्या बाजूला 'गाबा' हे रसायन क्लोराइडची दारं उघडतं, तो स्नायू सैल पडतो. मग उलट. झाली नागमोडी चाल! या दारांना 'आयन चॅनेल' म्हणतात.

ही दारं उमगली ती सी. एलिगन्स या जेमतेम १ मिलिमीटरच्या निरुपद्रवी कृमीमुळे. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या चेतापेशी अवघ्या ३०२. लेव्हामिसॉल औषधाला दाद न देणारे कृमी वेगळे काढून त्यांची जनुकं तपासली, तेव्हा दाराचे भाग एकेक करून कळले.

लेव्हामिसॉल ही जणू खोटी किल्ली. तिनं ॲसिटिलकोलीनची दारं उघडीच राहतात, दोन्ही बाजू आखडतात आणि ताठरलेला जंत लेंड्यांबरोबर बाहेर पडतो. आयव्हरमेक्टिन क्लोराइडची वेगळी दारं उघडून जंताला लुळा करतं, त्याचा घसाही बंद पाडतं. ती दारं मेंढीत नाहीत. या औषधाच्या शोधासाठी कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं.

मग आबांचं काय चुकलं? सगळ्यांना अंदाजानं एकच माप! लेव्हामिसॉल किलोमागे ७.५ मिलिग्रॅम लागतं. ४० किलोच्या मेंढ्याला ३० किलोचा समजलं, तर ३०० ऐवजी २२५ मिलिग्रॅमच पोटात जातं. ज्या जंतांची दारं थोडी बदललेली आहेत ते वाचतात आणि रानात त्यांचीच पिल्लावळ पसरते. पुढं पूर्ण मात्राही लागू पडेनाशी होते.

म्हणून दुप्पट पाजू नका. ॲसिटिलकोलीनची दारं मेंढीतही आहेत. मात्रा जास्त झाली तर लाळ गळते, अंग थरथरतं. कोकरं, मेंढ्या, नर असे गट करा आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनावर माप ठरवा. पाजल्यावर दोन आठवड्यांनी लेंड्या तपासून घ्या. जंताच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, तेव्हा दहिवर सुकल्यावरच कळप सोडा.

आबांनी बाजारातून ताणकाटा आणला. पहिलाच मेंढा तोलला. आबांचा अंदाज ३० किलो, काटा म्हणाला ४०.