मेंदूतील गाठींचे एमआरआयद्वारे श्रेणीनिर्धारण

शस्त्रक्रियेपूर्वी प्रगत एमआरआय तंत्रांच्या साहाय्याने मेंदूतील गाठीच्या आक्रमकतेचा अंदाज बांधणे, यास एमआरआयद्वारे श्रेणीनिर्धारण म्हणतात. या पद्धतीचा मुख्य उपयोग ग्लायोमा या प्रकारच्या गाठींसाठी होतो.

श्रेणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूतील गाठींच्या १ ते ४ अशा श्रेणी आहेत. श्रेणी १ व २ निम्न, तर ३ व ४ उच्च मानल्या जातात. ग्लायोब्लास्टोमा ही श्रेणी ४ ची गाठ आहे. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीनुसार पेशींच्या स्वरूपाबरोबर आयडीएच जनुकातील उत्परिवर्तनासारखी रेणवीय लक्षणेही श्रेणी ठरवताना विचारात घेतली जातात.

साध्या एमआरआयची मर्यादा

साध्या तपासणीत गाठीचा आकार, सूज व गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचल्यावर येणारी चकाकी दिसते. मात्र काही उच्च श्रेणीच्या गाठी चकाकत नाहीत, तर श्रेणी १ च्या काही गाठी ठळकपणे चकाकतात. त्यामुळे केवळ चकाकीवरून केलेले निदान फसवे ठरू शकते.

प्रगत तंत्रे

* विसरण प्रतिमांकन : ऊतीतील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. पेशी दाटीवाटीने वाढलेल्या असल्यास ही हालचाल मंदावते.
* रक्तप्रवाह प्रतिमांकन : गाठीतील रक्ताच्या प्रमाणाची निरोगी भागाशी तुलना करते. वेगाने वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते, म्हणून हे गुणोत्तर वाढते.
* वर्णपटमापन : ऊतीतील रसायनांचे प्रमाण दाखवते. कोलीन वाढणे व चेतापेशींचे निदर्शक असलेले एनएए घटणे हे आक्रमकतेचे लक्षण समजले जाते.

अचूकता

१६० ग्लायोमा रुग्णांवरील २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात साध्या एमआरआयने उच्च श्रेणीच्या ७२.५ टक्के गाठी ओळखल्या. रक्ताच्या प्रमाणाचे गुणोत्तर १.७५ ही सीमा धरल्यावर हे प्रमाण ९५ टक्के झाले. परंतु त्याच सीमेवर निम्न श्रेणीच्या केवळ ५७.५ टक्के गाठी योग्य ओळखल्या गेल्या; उरलेल्या चुकून उच्च ठरल्या. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ही गाठ निम्न श्रेणीची असतानाही तिच्यात रक्तवाहिन्या विपुल असू शकतात, हे अशा चुकांचे एक कारण आहे. म्हणून अनेक तंत्रांचे निष्कर्ष एकत्र पाहिले जातात.

उपचारातील महत्त्व

एकाच गाठीत निम्न व उच्च श्रेणीचे भाग शेजारी असू शकतात. सुईने घेतलेला तुकडा निम्न भागातून आला, तर आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य समजला जाऊन उपचार अपुरे पडण्याचा धोका असतो. सर्वांत आक्रमक भाग प्रतिमेतून आधी कळल्यास नमुना तेथूनच घेता येतो. शस्त्रक्रिया किती तातडीने करावी, याचा निर्णय घेण्यासही या माहितीची मदत होते. तथापि अंतिम निदान ऊतिपरीक्षण व रेणवीय चाचण्यांनीच होते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) आणि खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संस्थांत मेंदूतील गाठींवर उपचार व संशोधन होते. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातील रुग्णास मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः मोठ्या शहरात जावे लागते. अशा वेळी केवळ लेखी अहवाल पुरेसा नसतो. मूळ प्रतिमांची सीडी सोबत असल्यास शल्यविशारदास त्या स्वतः तपासता येतात आणि कोणत्या प्रगत चाचण्या अद्याप आवश्यक आहेत हे ठरवता येते.