विल्सन, टिळक आणि स्वयंनिर्णयाची मर्यादा
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या १९१८ मधील चौदा कलमांमुळे परतंत्र देशांत स्वयंनिर्णयाची आशा जागी झाली. १९१९ मध्ये लोकमान्य टिळकांनी त्यांच्याकडे पत्राद्वारे हिंदुस्थानची बाजू मांडली. तथापि विल्सन यांच्याच कारकिर्दीत, १९१३ पासून, केंद्रीय कचेऱ्यांतील कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे बसविले गेले. पॅरिस परिषदेत जपानच्या वंशसमतेच्या प्रस्तावास १७ पैकी ११ मते मिळूनही एकमताअभावी तो त्यांनीच अध्यक्ष या नात्याने अमान्य ठरविला. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२० मध्ये आपल्या धोरण-अध्ययन संस्थेचे त्यांचे नाव काढले. टिळकांचे उदाहरण तंतोतंत समांतर नव्हे. त्यांच्या हाती सत्ता नव्हती. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेचा कठोर निषेध केला. ती स्वतःच्या आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही.