लेखांक चौथा : शुश्रूषेची सनद

गेल्या लेखांकात आपण ईडिथ नेस्बिट यांच्या १९०२ सालच्या कादंबरीतील, वाळूत राहणाऱ्या त्या तिरसट प्राण्याची ओळख करून घेतली. तो मुलांची दिवसाला एक इच्छा पुरवी आणि सूर्यास्त होताच ती विरून जाई. तेथे अद्भुत प्राणी दाता होता व मुले याचक होती. डेव्हिड आमंड यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि कार्नेगी पदकाने गौरविलेल्या 'स्केलिग' या कादंबरीत मात्र हा व्यवहार अगदी उलटा झालेला आढळतो, आणि माझ्या मते त्या पुस्तकाचे सारे मोल या उलटापालटीतच आहे.

मायकेलच्या कुटुंबाने इंग्लंडमधील एका शहरात जुने, पडझड झालेले घर नुकतेच घेतले आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या हृदयात दोष असल्यामुळे आईचे दिवस इस्पितळात जातात, तर वडिलांचे घराची डागडुजी करण्यात आणि स्वतःची काळजी दडविण्यात. मायकेलला कोणी मारीत नाही, उपाशी ठेवीत नाही. परंतु बाळ जगेल की नाही, या त्याच्या प्रश्नाला सरळ जबाब देणारे त्या घरात कोणीही नाही. आजारी माणसाच्या घरातील धडधाकट मुलाची स्थिती मोठी विलक्षण असते : त्याच्याकडे पाहण्यास कोणाला सवड नसते, आणि त्याच्यावर एखादे काम सोपवावे असेही कोणाला सुचत नाही. अशा मनःस्थितीत, जेथे पाऊल टाकण्याची त्याला सक्त मनाई आहे त्या मोडकळीस आलेल्या गॅरेजमध्ये, चहाच्या जुन्या खोक्यांच्या आड, कोळिष्टकांनी माखलेला, अंगावर मेलेल्या माश्या पडलेला, काळ्या कपड्यांतील एक मरणोन्मुख मनुष्य त्याच्या दृष्टीस पडतो. त्याच्या पाठीवर पंख आहेत हे पुढे कळते. पण त्याआधी त्याने ॲस्पिरिनची गोळी मागितलेली असते, कारण संधिवाताने त्याचे सांधे आखडून गेले आहेत.

त्याला देवदूत म्हणावे, तर तो चिडखोर आहे, त्याच्या श्वासाला दुर्गंधी आहे, आणि चिनी खाणावळीतून आणलेले जेवण व बियर यांवर त्याची वासना आहे. मायकेल इस्पितळात गेला असता संधिवातावर उपाय विचारतो, कॉडलिव्हर तेल मिळवितो, आणि शेजारच्या मीना नावाच्या, शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या व ब्लेकच्या कवितेवर वाढलेल्या मुलीच्या साहाय्याने त्या दुबळ्या जिवाला एका ओसाड घरात हलवितो. बहिणीच्या खाटेपाशी ज्याला काडीचाही अधिकार नाही, त्या मुलाला येथे शुश्रूषेची सनद मिळते. बाळाची शस्त्रक्रिया शल्यवैद्यच करतात. आदल्या रात्री आईने बाळापाशी पाहिलेली ती पंखांची आकृती स्वप्न होते की साक्षात्कार, याचा निवाडा लेखक करीत नाही, आणि तो केला नाही हेच त्याचे औचित्य. आमंड यांची एक तान्ही बहीण त्यांच्या बालपणीच दगावली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या संयमाची किंमत अधिकच कळते.

याच कुळातील दुसरे पुस्तक अधिक कठोर आहे. त्याची कल्पना शिवॉन डाउड यांची. परंतु २००७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यामुळे पॅट्रिक नेस यांनी ते सिद्ध केले व २०११ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील कॉनरची आई कर्करोगाने खंगत आहे, वडिलांनी अमेरिकेत दुसरा संसार थाटला आहे, आणि आजीशी त्याचे पटत नाही. अंगणापलीकडच्या यू वृक्षाचा राक्षस मध्यरात्र उलटल्यावर येऊन त्याला तीन गोष्टी सांगतो आणि चौथी त्याच्याच तोंडून वदवून घेतो. ती चौथी गोष्ट म्हणजे एक कबुलीजबाब आहे : आईने जावे असे मुळीच वाटत नसताना, वाट पाहण्याची ही यातना एकदाची संपावी असेही त्या मुलाला वाटले होते. आईचे शेवटचे औषध याच जातीच्या वृक्षापासून काढलेले असते, आणि तेही निरुपयोगी ठरते. राक्षस आलेला असतो तो आईसाठी नव्हे, मुलासाठी.

मुलांच्या पुस्तकांत आजार आणि मरण यांना थारा कशाला, हा आक्षेप मला मान्य नाही. १९३५ सालापासून 'श्यामची आई' वाचत आलेल्या समाजाने तर तो घेऊच नये. त्या पुस्तकात कर्ज, जप्ती आणि आईचा मृत्यू यांपैकी काहीही मुलांपासून लपविलेले नाही. घरातील दुःख मुलाला ठाऊक असतेच. ते बोलून दाखविण्यासाठी श्रोता मात्र त्याला मिळत नाही, आणि या कथांतील अद्भुत प्राणी तो श्रोता पुरवितात.

'स्केलिग' दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती निःशंकपणे द्यावे. नेस यांचे पुस्तक मात्र, घरात तशा जातीचे दुखणे चालू असेल, तर वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः वाचावे आणि मग मुलाच्या शेजारी बसून त्याच्यासह वाचावे. सांभाळणाऱ्या बाईच्या कुत्सित बोलण्यामुळे हळूहळू अदृश्य झालेल्या एका मुलीची कथा फिनलंडच्या टोवे यान्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. तिचा विचार पुढील लेखांकात करू.