अंगावरून वारं जात नाही

मराठवाड्यात एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला की म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ मग तेल चोळणं, शेक देणं, अंगारा लावणं सुरू होतं. बिघाड हातात नसतो, पायातही नसतो. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, की 108 ला फोन करावा आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. छत्रपती संभाजीनगरात 1956 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आहेच.

मेंदूकडून निघालेले बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. सोबत पुष्कळदा वाचाही जाते, आणि घरचे समजतात, ‘आता यांना काही कळत नाही.’ हा गैरसमज मला सर्वांत क्रूर वाटतो. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. त्याला बोलणं बरंचसं समजे, पण तोंडून फक्त ‘टॅन’ निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डाव्या कपाळामागच्या भागात इजा सापडली. तिथं बोलणं जुळवलं जातं. समजण्यात मोठा वाटा कानामागच्या भागाचा. तेव्हा गप्प झालेल्या आजोबांसमोर त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्याशी बोला.

‘डाव्या मेंदूचा हिशेबी, उजव्याचा कलावंत’ ही वाटणी मात्र खोटी. दोन्ही अर्धगोल सुमारे वीस कोटी तंतूंनी जोडलेले आहेत. ‘आपण दहाच टक्के मेंदू वापरतो’ हेही तसंच: वजनानं शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव वीस टक्के ऊर्जा खातो. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग? मध्यमेंदू बुबुळांची हालचाल आणि बाहुलीचं आकुंचन सांभाळतो. झाकलेल्या डोळ्यांनी तो वाचू शकत नाही. पालकांनी तिथं पैसे घालू नयेत.

मागच्या लहान मेंदूच्या तर नावानंच घोटाळा केलाय. मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळपास 69 अब्ज तिथं असतात. तोल आणि हालचालींतली अचूकता त्याच्याकडे. तिथला रक्तपुरवठा तुटला तर हातापायांत ताकद असूनही माणूस झोकांड्या खातो, चक्कर येते, उलट्या होतात. रस्त्यात पाहणारे त्याला दारुडा समजून पुढं जातात. त्यालाही तितक्याच तातडीनं उपचार हवे असतात.